अण्णांचं 'व्हय'

"हटकर का खुटेकर?"

माझं ओळखपत्र हातात धरून त्याने विचारलं. ओळखपत्रावर फोटो होता, पद होतं, पदवी होती. त्याने फक्त आडनाव वाचलं. मग गाव विचारलं. मी सांगितलं, फुलंब्रीच्या पुढचं. त्यानंतर हा प्रश्न. धनगरांतली पोटजात विचारणारा माणूस अजाण नसतो. आपण कोण आहोत हे त्याला आधीच कळलेलं असतं. आपल्याला ते पुन्हा एकदा आठवावं, एवढ्यासाठी तो विचारतो.

बीड बायपासजवळचं ते शुश्रूषा आणि पुनर्वसन केंद्र. पक्षाघात झालेले, डोक्याला मार लागलेले, स्मृती गेलेले लोक तिथे महिनोन्‌महिने राहतात. विचारणारा माणूस त्या केंद्राचा मालक. सगळे त्याला भाऊसाहेब म्हणत. गावाकडे पिढ्यांची बागायत, शहरात हे केंद्र. आणि मी तिथल्या शुश्रूषेचा दर्जा तपासायला आले होते. दोघांचं पथक होतं. पथकप्रमुख सर, निवृत्त शल्यचिकित्सक. दुसरी मी. फिजिओथेरपीची पदवी, त्यावर रुग्णालय व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षण. अशा केंद्रांना दर्जा देणाऱ्या आमच्या संस्थेत मी अजून परिवीक्षेवर. मला कायम करायचं की नाही, हे सरांच्या शेऱ्यावर ठरणार होतं.

"धनगर," मी म्हणाले. पुढचं सांगितलं नाही.

"मग झालं की!" भाऊसाहेब सरांकडे वळला. "सर, माणूस बराबर निवडलात. कळप मोजायची सवय असती यांना." समोरच्या दालनात चाकांच्या खुर्च्यांवर रुग्णांना रांगेने बसवलं होतं. त्यांच्याकडे हात करून तो मला म्हणाला, "मोजा ताई. एक मेंढरू इकडचं तिकडं व्हायचं नाय."

सर हसले. परिचारिका हसल्या. भाऊसाहेब पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात टाकून वाकला.

"व्हय का नाय, अण्णा?"

"व्हय," अण्णा म्हणाले.

पुन्हा हशा.

त्या एका वाक्यात दोन अपमान होते. माझा मला तिथेच लागला. दुसरा अपमान त्या रांगेचा होता. तो लागायला मला दुपार झाली.

माझे आजोबा मेंढरं कधीच मोजत नसत. मोजायचं नसतं, असं आमच्यात मानतात. संध्याकाळी मेंढरं जाळीच्या कुंपणात शिरू लागली की ते बाजूला उभे राहून तोंडं बघत. शेवटचं आत गेलं की सांगत, "भुरी राहिली मागं." आणि भुरी खरोखरच मागे राहिलेली असे. भाऊसाहेबाला आमच्या पोटजाती पाठ होत्या. ही गोष्ट ठाऊक नव्हती.

पण मी मोजलं. कामाचा भाग होता. रुग्णसंख्या नोंदीशी जुळली. खाटा जुळल्या, परिचारिका जुळल्या, प्राणवायूची नळकांडी जुळली. फरशीवर फिनेलचा वास होता, चादरींच्या घड्या मोडलेल्या नव्हत्या. तपासणीच्या दिवशी सगळीकडे हे असंच असतं. आम्हालाही ते माहीत असतं. आम्ही येणार ते आधी कळवलेलं असतं, आणि स्वागतासाठी सजवलेल्या घराचा दर्जा आम्ही तपासतो.

एक गोष्ट मात्र खटकली. वैशाख होता. दालनातला एकच एसी खिडकीजवळ घरघरत होता. भिंतीपाशी बसलेल्यांच्या कपाळावर घाम होता. आणि सर्वांच्या अंगात पूर्ण बाह्यांचे नवे सदरे, मनगटावर गुंडी लावलेले.

मी परिचारिकेला विचारलं.

"गारठा लागतो ना मॅडम त्यांना."

मग रुग्णांच्या मुलाखती. पद्धत अशी की बोलू शकणाऱ्या रुग्णांची निवड केंद्र करतं आणि प्रश्न पथकप्रमुख विचारतो. पहिले अण्णा. सर त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. आवाज मऊ केला.

"काय अण्णा, जेवण वेळेवर मिळतं ना?"

"व्हय."

"इथली माणसं नीट वागतात?"

"व्हय."

"दुखलं-खुपलं तर लगेच कोणी बघतं?"

"व्हय."

सर माझ्याकडे बघून हसले. "किती समाधानी माणूस आहे बघा. आपण तक्रारी करतो."

मी अण्णांकडे बघत होते. त्यांचा उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा पडला होता. तोंडाची उजवी कड खाली ओघळली होती. आणि प्रत्येक 'व्हय'नंतर त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटत होता. सरांना ती जुन्या माणसाची लकब वाटली असावी. मला वाटली नाही. चुकीचं बटण दाबलं गेलं की माणूस असा हात आपटतो.

मेंदूच्या डाव्या बाजूला झटका बसला की काही रुग्णांची वाचा जाते आणि एखादाच शब्द मागे उरतो. कोणाकडे नातवाचं नाव, कोणाकडे शिवी. समज बऱ्याचदा शाबूत असते. माणूस सगळं ऐकतो, समजतो, उत्तर मनात तयार करतो, आणि तोंडातून बाहेर पडतो तोच एक शब्द. स्वतःच्या कानांनी तो ते ऐकतो. हे मी शिकले होते. सरही शिकले होते.

"सर, मी एक विचारू?"

"विचारा. पटकन."

"अण्णा, तुम्ही बाई आहात का?"

"व्हय."

मागे एक परिचारिका खुदकन हसली.

"बाहेर पाऊस पडतोय का?"

"व्हय."

"अण्णा, इथे तुम्हाला मारतात का?"

"व्हय."

या वेळी कोणी हसलं नाही. पण तिसरं उत्तरही पुरावा नव्हतं. ते मला कळत होतं. पहिल्या दोहोंनी ज्याचा अर्थ काढून घेतला, त्या शब्दावर तिसऱ्या वेळी विश्वास ठेवता येत नाही. मी खाली बसले, अण्णांच्या डोळ्यांच्या पातळीवर.

"अण्णा, बोलू नका. डाव्या हातानं दाखवा. नाक दाखवा."

त्यांनी नाकाला बोट लावलं.

"दार दाखवा."

त्यांनी दाराकडे हात केला. आणि त्यांचे डोळे भरले. किती काळाने कोणीतरी त्यांना उत्तर देता येईल असं विचारलं होतं, कोण जाणे.

"आता दुखतं तिथं हात ठेवा."

मला वाटलं, ते खांदा दाखवतील. उजवा खांदा अशा रुग्णांचा दुखतोच. हात उचलला गेला, कापत कापत बाजूला गेला आणि शेजारच्या माणसाच्या मनगटावर थांबला. सदऱ्याच्या बंद गुंडीवर.

तो क्षण मला सोडत नाही. वर्ष होत आलं. भाजी चिरताना, सिग्नलला गाडी थांबली असताना तो हात बाजूला जाताना दिसतो. स्वतःचं दुखणं दाखवायची एकच संधी होती. ती त्या माणसाने शेजाऱ्याला दिली.

शेजारचा माणूस हाडापेराने मोठा होता. मान छातीवर पडलेली, नाकातून अन्नाची नळी. "ते कोण?" मी विचारलं.

"सात नंबर," परिचारिका म्हणाली. "त्यांना कायच कळत नाय मॅडम."

मी गुंडी काढली. मनगटाभोवती कातडी कंकणासारखी सोललेली. जुनी जखम, तिच्यावर नवी. आत पट्टीचा एक धागा रुतलेला. दुसऱ्या हातालाही तेच. मग अण्णांच्या डाव्या हाताची बाही वर केली. त्यावर काळपट वळ. जुने झालेले.

माझ्या मागून सरांचा आवाज आला, अगदी हळू. "गुंडी लावा."

मी लावली नाही.

त्यानंतर भाऊसाहेबाच्या खोलीत चहा आला. बिस्किटं, काजू. त्याचा आवाज जराही बदललेला नव्हता. "सर, तुम्ही स्वतः डॉक्टर. हात मोकळे ठेवले की नळ्या उपसून काढत्यात हे लोक. घरच्यांनी संमती दिलीय. आपण काय शौक म्हणून बांधतो का?"

सरांनी मान डोलावली.

मी म्हणाले, रुग्णाला बांधावं लागतं अशी वेळ येते, हे मान्य. पण त्यासाठी डॉक्टरांचा आदेश लागतो, मऊ पट्टा लागतो, ठरावीक वेळाने तो सोडून कातडी बघावी लागते. ही कातडी कोणी बघितलेली नाही. आणि आज ती आमच्यापासून झाकायला सदरे आणले, म्हणजे चूक आहे हे केंद्राला माहीत होतं. मी हे शांतपणे, मुद्देसूद मांडलं. प्रबंध मांडावा तसं. आवाज चढला तर "बाई भावनिक झाल्या" एवढंच त्यांना लक्षात ठेवायचं असतं.

सर माझ्याकडे वळले. त्यांचं बोलणं मला भाऊसाहेबाच्या विनोदापेक्षा खोल गेलं, कारण त्यात माया होती.

"हे बघ बेटा. तू हुशार आहेस. तुमच्या समाजातून इथवर येणं सोपं नसतं. ते जप. सुधारणा सुचवू आपण, पुढच्या भेटीत बघू. आज संयुक्त अहवालावर सही कर आणि विषय मिटव."

म्हणजे मी इथवर आले, ही मला मिळालेली देणगी. आणि गप्प बसून ती फेडायची.

भाऊसाहेब हसला. "धनगराच्या पोरीनं आता आम्हाला माणसं सांभाळायला शिकवायची व्हय!"

मी कप खाली ठेवला.

"मेंढराच्या पायात दोरी रुतली तर माझ्या आजोबांनी ती कापली असती," मी म्हणाले. "वर फडकं गुंडाळून पाहुण्यांसमोर उभं केलं नसतं. मी सही करणार नाही."

आणि ते वाक्य परत घेतलं नाही.

फाटकापाशी एक मावशी झाडू घेऊन उभी होती. रुग्णांचं हगणं-मुतणं काढणारी. मी गाडी काढताना ती जवळ आली, तोंडाला पदर लावून.

"ताई, कुणी मोठं माणूस यायचं असलं की अण्णाला म्होरल्या रांगेत बसवत्यात. दर टायमाला."

"का?"

"भाऊसाहेब म्हणत्यात, अण्णाची बोली लई गोड हाय." तिने मागे वळून पाहिलं. "त्यांच्या पोराला सांगा. औरंगपुऱ्यात कापडाचं दुकान हाय त्याचं."

म्हणजे ती चूक नव्हती. भाऊसाहेबाला अण्णांचा आजार सरांपेक्षा नीट समजला होता. एकच शब्द उरलेला माणूस त्याने हेरला, आणि तो शब्द वापरला. बाकीचं आमच्या प्रश्नांनी केलं. आमचे सगळे प्रश्न असे बांधलेले, की होकार म्हणजे समाधान. कोणी कधी एक उलटा प्रश्न त्यात घातला नाही. घातला असता तर पहिल्या भेटीतच सगळं उघडं पडलं असतं.

संध्याकाळी बजाजनगरला घरी आले. दादा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसून फोनवर बोलत होते. वाळूजच्या कंपनीत ते ठेकेदाराकडे कामाला आहेत. पलीकडून ठेकेदार बोलत होता.

"व्हय साहेब. व्हय. नाय, कायच अडचण नाय. रविवारी बी येतो. व्हय."

मी चप्पल न काढता उंबऱ्यात उभी राहिले. आवाज तोच होता. दादांची वाचा शाबूत आहे. त्यांना 'नाही' म्हणता येतं, घरात म्हणतात. मग फोनवर कोणता झटका आला होता?

त्या रात्रभर मी स्वतःची उत्तरं तपासत होते. वसतिगृहाच्या अधीक्षकबाईंनी विचारलं होतं, "तुम्हा मुलींना इथे बरं वाटतं ना?" हो मॅडम. महाविद्यालयात वर्गातल्या एकीने विचारलं होतं, "तुला राग नाही ना आला? गंमत केली." नाही गं. मुलाखतीत विचारलं होतं, "वरिष्ठांशी जुळवून घ्याल ना?" हो सर. 'व्हय'चं 'हो' करायला मी बरीच वर्षं घालवली होती. शब्द सुधारला. बाकी काही सुधारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी औरंगपुऱ्यात त्या दुकानात गेले. पथकातल्या माणसाने परस्पर नातेवाइकांना भेटणं नियमात बसत नव्हतं. ते माहीत असून गेले.

अण्णांचा मुलगा गादीवर बसून गिऱ्हाइकाला परकर दाखवत होता. चाळिशीचा, थकलेला, सभ्य. मी काय पाहिलं ते सांगितलं. तो आधी गोंधळला, मग चिडला.

"मॅडम, दर रविवारी जातो मी. बापाला वाऱ्यावर सोडलेलं नाय. दर टायमाला इचारतो, अण्णा, बरं हाय ना? व्हय म्हणत्यात. इथं राहायचं ना? व्हय म्हणत्यात. आता त्यांच्या तोंडाचं खरं मानू का तुमचं?"

"पुढच्या वेळी विचारा, अण्णा, मी तुमचा मुलगा नाही ना?"

"मंजे?"

"व्हयच म्हणतील."

त्याच्या हातात कापड तसंच राहिलं. गिऱ्हाईक बाई म्हणाली, "भाऊ, निळ्यात दाखवा ना." त्याने निळा काढला, तिच्यासमोर ठेवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मग मी इतके दिवस कुणाशी बोलत होतो?"

त्याने दुकान नोकरावर सोडलं आणि मी त्याच्यासोबत केंद्रात गेले. मुलगा सोबत असल्यामुळे मला अडवता आलं नाही. अण्णा व्हरांड्यात होते. आज अर्ध्या बाह्यांचा जुना सदरा. मुलगा समोर उकिडवा बसला. विचारायला तोंड उघडलं, मिटलं. मग त्याने नुसताच डावा हात पुढे केला. "अण्णा, घरी यायचं असलं तर माझा हात धरा."

अण्णांनी दोन बोटं धरली आणि अशी आवळली, की मुलाचा चेहरा वाकडा झाला.

अण्णांच्या शेजारी खुर्ची नव्हती. मोठ्या हाडापेराचा तो माणूस नव्हता. आत खाट रिकामी होती, चादर बदललेली. मी विचारलं. परिचारिका म्हणाली, हलवलं. कुठे हलवलं? तिने खांदे उडवले. भाऊसाहेब बाहेरगावी होता. त्या माणसाचं नावही कोणी सांगेना. त्याला भेटायला कोणी येत नव्हतं, एवढंच सगळ्यांना माहीत होतं.

"अण्णा, शेजारचे कुठं गेले?" माझ्या तोंडून निघून गेलं. मी स्वतःच चुकले.

"व्हय," अण्णा म्हणाले. आणि डावा हात बाजूला गेला, मनगट असायचं तिथे. हवेत थांबला. बराच वेळ तसाच.

रिक्षात अण्णांना बसवताना मी मुलाला म्हणाले, तक्रार करायची आहे. तुमचं नाव लागेल.

त्याने मान खाली घातली. "बापाला नेतो मी, ताई. तुमचे उपकार हाईत. पन कागदावर माझं नाव नका घालू. भाऊसाहेब पाव्हणे हाईत आमचे. मेव्हण्याचे चुलते. उद्या लग्नकार्यात तोंड दाखवायचंय."

मी त्याला दोष दिला नाही. सोडलंही नाही. "तुम्हालाही एकच शब्द उरलाय," मी म्हणाले. रिक्षा पुंडलिकनगरच्या दिशेने गेली.

संयुक्त अहवाल माझ्या सहीशिवाय गेला. सरांनी दर्जा 'उत्तम' दिला. माझी परिवीक्षा वाढवली आहे; पथकात मिसळून काम करण्याची वृत्ती नाही, असा शेरा आहे. तो शेरा बरोबर आहे. तशा पथकात मिसळून काम करण्याची वृत्ती माझ्यात आता येणार नाही.

दादा म्हणाले, "पोरी, जुळवून घ्यावं माणसानं." मी म्हणाले, "नाही दादा." घरात एवढा मोठा 'नाही' मी पहिल्यांदाच उच्चारला. दादा म्हणाले, "बरं." त्यात नाराजी होती की दुसरं काही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आरोग्य खात्याकडे तक्रार मी एकटीने केली आहे. माझं नाव, आडनाव, गाव, सगळं लिहून. सुनावणी अजून लागायची आहे. अण्णांना बोलावतील. कोणीतरी मोठा माणूस मऊ आवाजात म्हणेल, "काय बाबा, काही त्रास नव्हता ना?" तो प्रश्न मी विचारू देणार नाही. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याचा होकार यापुढे माझ्यासमोर कोणी मोजायचा नाही. रुग्णाचाही नाही, दादांचाही नाही, माझा तर नाहीच.

आणि अण्णांच्या आधी मी सातव्या खाटेवरच्या माणसाबद्दल विचारणार आहे. त्याचं नाव काय? त्याला कुठे नेलं? या प्रश्नांना 'व्हय' हे उत्तर चालत नाही. खरं उत्तर मिळेपर्यंत मी सुनावणीतल्या खुर्चीवरून उठणार नाही.